अर्धा पासवर्ड

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. मोठी नको, तुमच्या वर्गाच्या निम्मी पुरे. एक टेबल, त्यावर एक कॉम्प्युटर, आणि टेबल एकच असूनही खुर्च्या दोन, शेजारी शेजारी. टेबलाच्या बाजूला चार पावलांवर खिडकी, आणि खिडकीच्या कठड्यावर कुंडीत जाड पानांचं एक झाड. आणली खोली? आता उजव्या खुर्चीत बसा आणि डावी रिकामी राहू द्या. तिच्याकडं बघायचं नाही. बघायचं नाही म्हटलं की बघावंसं वाटतं, हे मला चांगलं माहीत आहे. ते वाटणं तेवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. कारण तुम्ही बसलात त्याच खुर्चीत एका शुक्रवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, एक माणूस बसला होता, आणि सकाळपासून तोही डावीकडं बघायचं टाळत होता.

तसं पाहिलं तर झालं काहीच नव्हतं. पडद्यावर एक चौकट उघडली होती, एवढंच. तुमच्या ईमेलच्या पासवर्डची मुदत आज संध्याकाळी पाच वाजता संपत आहे, असं तीत लिहिलं होतं आणि खाली तीन कोऱ्या रांगा होत्या: जुना पासवर्ड, नवा पासवर्ड, नवा पासवर्ड पुन्हा एकदा. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्याला नवा नियम लागला होता, म्हणून मंगळवारपासून इमारतीतल्या प्रत्येक पडद्यावर ही चौकट येत होती, आणि सगळ्यांनी ती कुरकुरत, चहाचा कप एका हातात धरून, दोन मिनिटांत भरून टाकली होती. राहिला होता तो एकटा. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी तर त्यानं चौकटीकडं पाठ करून कपाटातल्या फायली नीट लावल्या, ज्या आधीच नीट लावलेल्या होत्या. कारण साधं होतं आणि सांगायला अवघड होतं. अकरा वर्षं तो या टेबलापाशी बसत होता, आणि जुना पासवर्ड त्याला अर्धाच माहीत होता.

हॉस्पिटलात सगळे त्याला पत्रवाला म्हणत. एखाद्याचं आयुष्य संपतं तेव्हा त्याच्या घरचे कधी कधी मन मोठं करून त्याचं काळीज, त्याचे डोळे दुसऱ्या कुणाला तरी देऊ करतात. देणाऱ्याच्या घरी घेणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, घेणाऱ्याला देणाऱ्याचं सांगत नाहीत. पण पत्र लिहिता येतं. ते पत्र ईमेलनं या खोलीत यायचं, त्यातलं नाव, गल्ली, शाळा, ओळख सांगेल ते सगळं अलगद काढायचं आणि उरलेलं पत्र पलीकडं पाठवायचं. देणाऱ्यांच्या नावांची यादी डाव्या खुर्चीत बसणाऱ्या मोठ्या बाईंना ठाऊक असायची, घेणाऱ्यांच्या नावांची त्याला. दोन्ही याद्या एका डोक्यात जाऊ नयेत असा नियम, म्हणून पत्रांची पेटीही दोघांनी मिळून उघडायची: पासवर्डचा पहिला अर्धा त्याचा, दुसरा अर्धा बाईंचा. रोज सकाळी तो आपली अक्षरं उमटवायचा तेव्हा बाई उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. मग बाई म्हणायच्या, "ऊठ, खिडकीकडं बघ," आणि तो जायचा. कधी काही बोलणं न होता, दात घासावेत तसं ते चालायचं. आठ महिन्यांपूर्वी बाई पडल्या, मग आजारी पडल्या, मग नोकरी सोडून घरी बसल्या. त्यांचा अर्धा त्यांनी द्यायचा तो फक्त त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला, तोंडी. पत्रवाल्याला तर मुळीच नाही. आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं. तेव्हा शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून एक युक्ती काढली, जिला त्या वेळी दोघंही शहाणपणा समजले होते. पेटी उघडली आणि मिटलीच नाही. आठ महिने तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू होता, आणि बटणावर बाईंच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी होती, 'बंद करू नये. खरंच करू नये.' झाडलोट करणारी बाई त्या बटणाला देव्हाऱ्यासारखी लांबूनच वळसा घालायची.

सकाळी जाळेवाला येऊन गेला होता. हॉस्पिटलभर कॉम्प्युटरच्या तारा जोडत फिरणारा हा तरुण, खिशात नेहमी तीन स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात नेहमी अर्धं बिस्कीट. "पेटी मी फोडू शकतो, सर," तो म्हणाला होता, "एका मिनिटाचं काम. पण आतली पत्रं जुन्या पासवर्डातच गुंडाळलेली आहेत. मी वरून नवा टाकला की पेटी उघडेल आणि पत्रांची गिचमिड होईल. सगळ्या पत्रांची, अकरा वर्षांची. चालेल?"

"नाही चालणार."

"मग जुना आठवा. पाचला जाळं आपणहून कुलूप घालतं, ते माझ्याही हातात नाही. आणि तीनदा चुकलं तर पाचपर्यंतही थांबत नाही." मग त्यानं बिस्कीट गिळलं. "त्यातलं एकदा मी आत्ताच घालवलं, माफ करा. मला वाटलं तुमचाही सगळ्यांसारखा एक-दोन-तीन-चार असेल."

तर दोन वेळा उरल्या होत्या. चौकटीच्या मागं, धूसर झालेल्या यादीची वरची एकच ओळ कडेनं दिसत होती. ४१७. ठळक अक्षरात, म्हणजे न वाचलेलं. मंगळवारी सकाळी ते पत्र आलं आणि त्याच्यापाठोपाठ चौकट आली, जणू दारात पाय ठेवलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावावं. ४१७ हा आकडा त्याला चार वर्षं पाठ होता. ज्या माणसाला हा आकडा दिला होता त्याच्या छातीत एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं काळीज होतं, आणि त्या मुलीची आई, नाव-गाव न सांगता नुसता हाच आकडा सांगून, दर शुक्रवारी तीन वाजता या खोलीत फोन करायची. चार वर्षांत एकही शुक्रवार चुकला नव्हता. "पत्रवाले भाऊ, काही आलं का?" "नाही हो, काकू." "बरं. जेवलात का?" "जेवलो." "मग ठीक." एवढंच. पहिल्या वर्षी त्याला त्या फोनची भीती वाटायची, दुसऱ्या वर्षी कंटाळा आला, आणि तिसऱ्या वर्षी एका शुक्रवारी फोन पाच मिनिटं उशिरा आला तेव्हा तो येरझाऱ्या घालत होता. आता ते पत्र आलं होतं. दोन बोटांवर, काचेमागं, त्याच्या नाकासमोर होतं.

आणि इथं, मुलांनो, आणखी एक गोष्ट आहे. त्याला अर्धाच पासवर्ड माहीत होता हे खरं, पण पूर्ण खरं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीची एक सकाळ. बाहेर ढगांनी इतकं काळवंडलेलं की खोलीत दिवा लावावा लागला. बाई म्हणाल्या, खिडकीकडं बघ. तो खिडकीकडं गेला आणि बघू लागला, आणि खिडकीत रस्ता नव्हताच. दिव्याच्या उजेडानं काचेचा आरसा झाला होता. आरशात टेबल होतं, बाईंचा हिरवा स्वेटर होता, बाईंचे हात होते. डोळे मिटायला किती वेळ लागतो? पापणी लवते तेवढा. त्यानं नाही मिटले. त्या वेळी त्यानं स्वतःला समजावलं की मी खिडकीकडंच बघतोय, तसंच तर सांगितलंय. सहा अक्षरं होती. बोटं कुठून कुठं गेली, करंगळी कशी शेवटी लांब पोचली, सगळं त्याच्या डोक्यात ओल्या सिमेंटवर पाऊल पडावं तसं उमटलं. त्याचा काही उपयोग करायचा नव्हता, त्यानं कधी केलाही नाही. पण ते तिथं होतं. लहानपणी लपाछपी खेळताना भिंतीला डोकं टेकून आकडे मोजायची पाळी आली की तो बोटांच्या फटींतून बघायचा, आणि त्याची आत्या, जिला मागूनही सगळं दिसायचं, म्हणायची, "किती मोजलंस ते नको सांगू, फटी किती ठेवल्यास ते सांग." तो आवाज त्याला काचेसमोर ऐकू आला होता. नऊ वर्षं अधूनमधून ऐकू यायचा, विशेषतः बाई चांगल्या वागल्या की. बाईंनी डब्यातलं पुढं केलं, बाईंनी त्याची चूक स्वतःवर घेतली, बाईंनी त्याच्या बायकोच्या आजारपणात महिनाभर पेटी उघडून झाली की त्याला घरी धाडून एकटीनं काम ओढलं, की लगेच फटी.

दोन वाजून वीस मिनिटांनी त्यानं दाराला आतून कडी घातली. कुणी बघत नव्हतं. डावी खुर्ची रिकामी होती. त्यानं आपला अर्धा घातला, मग डोळे अर्धवट मिटून नऊ वर्षांपूर्वीचा हिरवा स्वेटर आठवला आणि बाईंची सहा अक्षरं बाईंच्याच बोटांनी घातल्यासारखी घातली. करंगळी शेवटी लांब पोचली. चौकट क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि लाल झाली. पासवर्ड चुकीचा आहे. एक प्रयत्न शिल्लक.

त्यानं ती सहा अक्षरं मनातल्या मनात पुन्हा घालून पाहिली. आधी वाटलं, आपण उलटं आठवलं, आरशात डावं उजवं होतं. मग वाटलं, नाही, उलटं करूनच तर घातलं. मग, नळ नीट बंद न झाल्यासारखं काहीतरी मनात टपकायला लागलं. त्या ढगाळ सकाळनंतर चारपाच दिवसांनी बाई म्हणाल्या होत्या, "पासवर्ड जुना झाला, बदलू या का?" तेव्हा तर असा काही नियमही नव्हता. त्यानं आळस करून आपला अर्धा होता तोच पुन्हा घातला होता, आणि बाईंनीही तसंच केलं असणार असं नऊ वर्षं धरून चालला होता. स्वतःसारखंच जग असतं असं माणूस धरून चालतो. बाई आणि आळस! ज्या बाई टाचण्यासुद्धा एका दिशेला डोकी करून ठेवायच्या! तो उठला, आणि उठल्यावर त्याची नजर झाडावर गेली. जाड पानांचं झाड. ते बाईंनी कधी आणलं? त्याच आठवड्यात. "खोलीला जरा शोभा," असं म्हणून कठड्यावर ठेवलं आणि दोनदा सरकवलं, मागं उभं राहून बघितलं, पुन्हा बोटभर सरकवलं. तो रोज जिथं उभा राहायचा तिथं जाऊन उभा राहिला. काचेत जिथं टेबल दिसलं असतं, बरोब्बर तिथं झाड होतं. टेबलाच्या आकाराचं, हातांच्या आकाराचं, त्याच्या नजरेच्या आकाराचं झाड. आणि नऊ वर्षं त्याला पाणी कोण घालत होतं? तो. पानं पुसत होता. बाई रजेवर गेल्या की त्यांना फोन करून सांगत होता, झाड छान आहे हं.

म्हणजे बाईंना माहीत होतं. काचेतून त्याला बाईंचे हात दिसले तेव्हा बाईंनी मान वर केली असती तर त्यांना काय दिसलं असतं? त्याचे डोळे. काच काही एका बाजूची नसते. नऊ वर्षं, रोज सकाळी, "खिडकीकडं बघ" म्हणताना बाईंना माहीत होतं. डब्यातलं पुढं करताना माहीत होतं. तो दहा वेळा 'बाई, तुमचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून' असं म्हणाला असेल, तेव्हा माहीत होतं. नऊ वर्षं तो एका घरात राहत होता आणि आज कळलं की त्या घराला एक भिंतच नव्हती.

बाईंचा अर्धा बाईंनीच घालायचा, म्हणजे पेटीच त्यांच्या घरी न्यायला हवी होती. जाळेवाल्यानं त्याला एक लॅपटॉप दिला. "हा आपल्या जाळ्याला लांबूनही जोडलेला राहतो, पेटी यावर उघडेल. पण पाचपर्यंत हं," तो म्हणाला, आणि पत्रवाल्याचा चेहरा बघून खिशातलं बिस्कीट त्याच्या हातावर ठेवलं. जिन्यातच खोलीचा फोन त्याच्या खिशात वाजला. तीन वाजले होते.

"पत्रवाले भाऊ, काही आलं का?"

चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून 'नाही हो' निघेना. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. वरून कुणीतरी चाकाची खुर्ची खडखडत नेत होतं. "काकू," तो म्हणाला, "पाचनंतर मी फोन करतो."

पलीकडून त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं. "आलंय?"

"पाचनंतर करतो."

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज हातातून निसटणाऱ्या भांड्यासारखा झाला होता आणि त्यांनी तो मध्येच झेलला. "बरं. जेवलात का?"

"हो," तो म्हणाला. बिस्कीट अजून हातातच होतं.

बसमध्ये त्यानं लॅपटॉप मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. खिडकीबाहेरून दुकानांच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, एका पायावर उडी मारत जाणारं पोर, सगळं निघून जात होतं आणि त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. बाईंना आज आठवेल का? फोनवर त्या कधी स्पष्ट बोलायच्या, कधी मध्येच थबकायच्या. आठवलं नाही तर काकूंना काय सांगणार? की पत्र आलं होतं, पण मी आणि बाईंनी मिळून बटणावर चिठ्ठी लावली होती? आणि आठवलं, तरी चौकटीत लिहिलेलं असणार, एक प्रयत्न शिल्लक. बाई विचारणार, बाकीचे दोन कुणी घालवले? एक जाळेवाल्यानं, असं सांगता येईल. दोन्ही जाळेवाल्यानं, असंही सांगता येईल. तो पोरगा कुठं विचारायला येतोय. हे मनात आलं आणि त्यानं घाईघाईनं इकडंतिकडं पाहिलं, जणू शेजारच्या प्रवाशानं ते वाचलं असतं.

दार बाईंच्या नातीनं उघडलं. नऊ वर्षांची, नाव काही असेल ते असो, घरात आणि फोनवर सगळे तिला भिंगरी म्हणत, आणि का म्हणत ते दार उघडताउघडताच कळलं, कारण ती दाराच्या मुठीला लोंबकळून दारासकट आत गेली आणि परत आली. "आजी घरात आहे," ती म्हणाली, "पण आज वस्तूंची नावं घरात नाहीत. सकाळपासून चमच्याला 'ते ढवळायचं' म्हणतेय. माणसं ओळखते. तुम्ही कोण?"

"मी पत्रवाला."

"आजी! झाडवाले काका आलेत!"

तो उंबऱ्यातच थांबला. झाडवाले.

बाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. किती बारीक झाल्या होत्या. हिरवा स्वेटर तोच, पण आता तो दोन माणसांचा वाटत होता. "ये," त्या म्हणाल्या. "वाळलास. झाड कसं आहे?"

"छान आहे," तो म्हणाला, आणि हे तो गेली नऊ वर्षं ज्या आवाजात सांगत आला होता त्या आवाजात त्याला आज सांगता आलं नाही. मग उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं: चौकट, पाच वाजता, ४१७, काकूंचा फोन. बाई मान हलवत होत्या. भिंगरी दोघांच्या मध्ये एका टाचेवर गोल फिरत होती. भिंतीवर चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाहेर ढग दाटले होते, म्हणून तिनं न सांगताच दिवा लावला.

बाईंनी चष्मा लावून पडद्याकडं पाहिलं. "एकच... ते... उरलंय."

"प्रयत्न," भिंगरी म्हणाली.

"प्रयत्न. तीन असतात. दोन कुणी खाल्ले?"

"एक तारांचं काम करणाऱ्या पोरानं."

"आणि दुसरा?"

बघा मुलांनो, आता उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. बसमध्ये बसून त्यानं ते घासूनपुसून ठेवलं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून दुसरंच आलं. "मी. मी तुमचा अर्धा घालून पाहिला."

भिंगरी फिरायची थांबली.

"माझा अर्धा तुझ्याकडं कुठून आला?" बाईंनी विचारलं. आवाज चढा नव्हता. टाचण्यांची डोकी एका दिशेला लावणारा आवाज होता.

"काचेतून. नऊ वर्षं झाली. बाहेर अंधारलं होतं, आपण दिवा लावला होता, आणि काचेत सगळं दिसलं. मी डोळे मिटायला हवे होते, बाई. मिटले नाहीत. सांगायलाही हवं होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू." एवढं बोलल्यावर त्याला धाप लागली, जणू तीन जिने चढून आला होता.

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. रागावतील, याची त्यानं तयारी केली होती. हसतील, 'मला तेव्हाच कळलं होतं रे' म्हणतील, याचीही केली होती, आणि मनातल्या मनात तीच आशा धरली होती. "असं झालं होतं?" बाई म्हणाल्या. "मला नाही आठवत."

याची तयारी त्यानं केली नव्हती. ज्या दारावर नऊ वर्षं थाप मारायचं धैर्य गोळा केलं, ते दार उघडलं आणि आत कुणी राहतच नव्हतं. "पण मग ते झाड?" तो म्हणाला. "तुम्ही ते झाड खिडकीत..."

"झाडाला उजेड लागतो. खिडकीत नाही तर काय कपाटात ठेवू?" बाई करवादल्या. मग त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला. "झालं ते झालं. आता बघू नकोस म्हणजे झालं. घाल तुझं."

बाई उठल्या, भिंतीचा आधार घेत खिडकीपाशी गेल्या. त्यानं आपला अर्धा घातला, एकेक अक्षर मोजून, आणि उठला. जागा बदलताना बाईंचा हात क्षणभर त्याच्या कोपरावर टेकला, वाळक्या पानाइतका. तो खिडकीसमोर उभा राहिला. समोर काच, काचेत दिवा, टेबल, हिरवा स्वेटर. इथं झाड नव्हतं. त्यानं डोळे मिटले, इतके घट्ट की कपाळ दुखायला लागलं.

टक. एक. टक. दोन. बाईंची बोटं अजून तशीच वाजत होती. टक. तीन. मग काही नाही. त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला, मग बाईंचा. "ते..." बाई पुटपुटल्या. "ते हे... नंतरचं..." घड्याळ टिकटिकत होतं. एकदा डोळे उघडले तर निदान बोट कुठं अडलंय ते दिसेल, सांगता येईल, असं वाटलं. मग काय सांगणार, मला ठाऊक असलेलं सगळंच चुकीचं आहे, हे आठवलं आणि त्या मिटल्या अंधारात त्याला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

"आजी, मी सांगू?" भिंगरी.

"तुला काय माहीत?"

"काहीच नाही."

"मग छान. गप्प बस." आणि जणू त्या गप्प बसण्यातच ते अक्षर सापडावं, टक. चार. टक. पाच. टक. सहा. त्याला वाटलं, संपलं. नऊ वर्षांपूर्वी सहाच होती. टक. सात. टक. आठ. मग मोठ्या बटणाचा जाड आवाज. म्हणजे त्यांनी बदलला होता. नुसता बदलला नव्हता, वाढवला होता.

"झालं," बाई म्हणाल्या. "बघ आता. का तिथंच मूळ धरतोस?"

चौकट हिरवी झाली होती. तिच्या दुसऱ्या, तिसऱ्या रांगा उजळल्या होत्या आणि मागं ४१७ लख्ख दिसत होतं. चार वाजून एकेचाळीस मिनिटं. तो शेजारच्या खुर्चीत बसला आणि खिशातलं बिस्कीट काढून, मोडून, अर्धं भिंगरीला दिलं, काही कारण नसताना.

"पत्र नंतर," बाईंनी त्याचा हात अडवला. "आधी नवा. सोमवारी तुमच्या साहेबांना सांग, माझ्या जागी कुणीतरी आणा. तिला माझ्याकडं घेऊन ये, माझा अर्धा मी तिच्या कानात सांगेन. तोवर माझ्या लक्षात टिकेल." आणि पुन्हा भिंत धरत त्या खिडकीकडं निघाल्या, पाठ करून उभ्या राहिल्या. "घाल. आणि या वेळी जुनाच नको घालूस, आळशी."

त्याचं बोट हवेतच राहिलं. आपण जुनाच घातला होता हे यांना कसं ठाऊक? ते तर त्यानं आज कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं मान वर केली. काचेत दिवा होता, टेबल होतं, त्याचे स्वतःचे दोन हात होते, आणि त्या हातांकडं, चष्म्यातून, अगदी सावकाश, मजेत बघणारे बाईंचे डोळे होते. ते वर आले. काचेत दोघांची नजर भेटली आणि दोघांपैकी कुणीच ती काढून घेतली नाही.

भिंगरीनं आधी आजीकडं पाहिलं, मग काकांकडं, मग काचेकडं. "आजी!" ती म्हणाली. "यात तर सगळं दिसतंय!" तिनं उरलेलं बिस्कीट तोंडात कोंबलं, स्टूल फरफटत खिडकीपाशी नेलं, वर चढली, दोन्ही हातांनी कडी ओढली आणि काचेची दोन्ही दारं बाहेर ढकलून दिली. गार वारा आत आला. हिरवा स्वेटर, हात, डोळे, सगळं काचांबरोबर दोन बाजूंना निघून गेलं आणि तिथं नुसता रस्ता उरला, एक सायकल, समोरच्या घरातला एक दिवा. मग ती स्टुलावरून उतरली, आजीच्या शेजारी जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली, हात मागं बांधून, जराही न हलता, आणि म्हणाली, "हं काका, आता घाला."